डावीकडच्या दगडाच्या खालचा दगड

फेब्रुवारीतली सकाळ. लडाखमधल्या रुंबक गावाच्या वर, समुद्रसपाटीपासून चारेक हजार मीटर उंचीवर, दहाबारा माणसं एका ओळीत उभी आहेत. प्रत्येकाने अंगावर कपड्यांचे पाच-पाच थर चढवलेत, त्यामुळे कोण नवरा, कोण बायको आणि कोण टूर मॅनेजर हे फक्त आवाजावरून कळतं. ओळीच्या टोकाला तिपाईवर स्कोप लावलाय आणि त्याला डोळा लावून लडाखी गाइड अर्धा तास समोरचा डोंगर बघतोय. अचानक तो हात वर करतो. ओळीत धांदल उडते. पहिला नंबर ठाण्याच्या काकांचा. ते वयाने सर्वांत ज्येष्ठ आहेत आणि स्कोपच्या सर्वांत जवळही तेच उभे आहेत.

"सर, वो बडा काला पत्थर दिख रहा है?"

"कौनसा? इधर तो सगळेच काले हैं."

"बडा वाला. उसके लेफ्ट में छोटा पत्थर. उसके नीचे एक और पत्थर."

"हां हां, दिखा, दिखा."

"सर, वो पत्थर नहीं है."

काका दचकतात, पुन्हा बघतात, बराच वेळ बघतात आणि मागे सरकतात. काकू विचारतात, "दिसला का हो?" "दिसला." "कसा होता?" काका प्रामाणिक माणूस. ते म्हणतात, "दगडासारखा."

हिमबिबट्या पाहायला जाण्याचा उद्योग गेल्या पंधरावीस वर्षांत चांगलाच वाढलाय. विमानभाड्यासकट माणशी लाखाच्या वर खर्च करायचा, ज्या महिन्यात शहाणी माणसं लडाखमधून खाली उतरतात त्या महिन्यात वर चढायचं, आणि आठवडाभर समोरच्या डोंगराकडे टक लावून बसायचं, असं त्याचं एकंदर स्वरूप आहे. हे सगळं करूनही प्राणी दिसेल अशी हमी कुणी देत नाही. इतक्या पैशात इतकी कमी हमी मराठी माणूस एरवी लग्नकार्यातसुद्धा खपवून घेत नाही. पण इथे तो ती आनंदाने विकत घेतो, आणि परत आल्यावर दुसऱ्यालाही घ्यायला लावतो.

काकांचा तसा दोष नाही. ह्या प्राण्याची घडणच लपून राहण्यासाठी झालेली आहे. धुरकट राखाडी अंग, त्यावर काळी वलयं, वजन साधारण 30 ते 50 किलो, आणि जवळजवळ मीटरभर लांबीची झुबकेदार शेपटी. उतारावर तोल सांभाळायला ती कामी येते आणि झोपताना नाकाभोवती गुंडाळून घ्यायलाही. दिवसाचा बराचसा वेळ हा प्राणी कड्यावर निवांत पडून असतो. वाघसिंहासारखी डरकाळी त्याला फोडता येत नाही, त्यामुळे आपण आलोय हे तो त्या मार्गानेही कळवत नाही. जानेवारी ते मार्च हा त्याच्या मीलनाचा काळ. तेव्हा मात्र तो कधीकधी एक लांबलचक, काहीसा रडका आवाज काढतो. त्यामुळे आणि भरल नावाच्या रानमेंढ्यांच्या मागे खाली उतरून येत असल्यामुळे हिवाळ्यात तो दिसायची थोडीतरी शक्यता असते. म्हणून एवढी माणसं एवढ्या थंडीत एवढ्या वर.

मुळात हे प्राणी भारतात आहेत तरी किती? आपल्याकडे ह्याचा देशव्यापी शास्त्रीय अंदाज पहिल्यांदा जाहीर झाला तो जानेवारी 2024 मध्ये. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थानाच्या पुढाकाराने 2019 ते 2023 अशी मोजणी चालली. माणसं 13,450 किलोमीटर चालली आणि चालताना पंजाचे ठसे, ओरखडे, विष्ठा ह्यांची नोंद करत गेली. 1,971 ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले गेले. अंगावरची वलयं प्रत्येक हिमबिबट्याची वेगळी असतात. ती ताडून पाहिल्यावर फोटोंमध्ये निरनिराळे 241 प्राणी सापडले. त्यावरून संख्याशास्त्राने अंदाज बांधला तो 718 चा, आणि त्यांतले 477 एकट्या लडाखचे. आता 718 मधून फोटोतले 241 वजा केले तरी नेमके 477 च उरतात. जे फोटोत आले नाहीत ते सगळे लडाखला गेले असावेत, असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. हा निव्वळ योगायोग आहे. लडाखमध्ये चार दिवस रिकामे गेलेल्या पर्यटकाला तो योगायोग वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

तरी आजचा पर्यटक भाग्यवान. जॉर्ज शेलर ह्या नामवंत प्राणिशास्त्रज्ञाने 1970 मध्ये पाकिस्तानातल्या चित्रालमध्ये जंगलातल्या हिमबिबट्याचे फोटो काढले, तेव्हा जगाला ते अप्रूप वाटलं होतं. 1973 मध्ये हेच शेलर नेपाळातल्या डोल्पो भागात भरलांचा अभ्यास करायला गेले आणि सोबत पीटर मॅथिसन नावाचे अमेरिकन लेखक होते. मॅथिसन आठवडेच्या आठवडे बर्फातून चालले, डोंगरावर डोंगर पार केले, आणि हिमबिबट्या न पाहताच परत आले. परत येऊन त्यांनी पुस्तक लिहिलं. त्याचं नाव 'द स्नो लेपर्ड'. 1978 मध्ये ते प्रसिद्ध झालं, गाजलं आणि त्याला अमेरिकेतला मानाचा नॅशनल बुक अवॉर्डही मिळाला. जो प्राणी दिसलाच नाही त्याचं नाव मुखपृष्ठावर छापायचं धाडस आपल्याकडच्या प्रवासवर्णनकारांनी केल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडे जे दिसलं तेवढंच, पण चारपट लिहायची पद्धत आहे.

त्यानंतर आले संशोधक रॉडनी जॅक्सन. त्यांनी 1982 मध्ये पश्चिम नेपाळातल्या लांगू नदीच्या घळीत हिमबिबट्याच्या गळ्यात पहिल्यांदाच रेडिओ कॉलर बांधली. त्यामुळे संशोधनात मोठीच प्रगती झाली. प्राणी आता दिसत नसला तरी कुठल्या डोंगरावर दिसत नाहीये हे नक्की सांगता येऊ लागलं.

मराठी पर्यटक ह्या सगळ्या परंपरेच्या बाहेरचा. तो वाढलाय ताडोबाच्या वाघावर. तिथला वाघ भर रस्त्यातून, उन्हात, जिप्सींच्या रांगेपुढून चालत जातो. त्याला नाव असतं, आई असते, त्या आईलाही नाव असतं, आणि गाडीचालकाला दोघांच्या भानगडी तोंडपाठ असतात. 'साइटिंग' ह्या शब्दाची सवय झालेला हा माणूस लेहच्या विमानतळावर उतरतो तेव्हा त्याच्या डोक्यात साधा हिशेब असतो: इथे सफारी सकाळची की दुपारची? मग त्याला कळतं, की सफारी नाहीच. जिप्सीही नाही. एका टप्प्यापर्यंत गाडी जाते, पुढे पाय.

पण पाय लगेच उचलायचे नसतात. लेह साडेतीन हजार मीटरवर. विमानाने दिल्लीहून तास-दीड तासात इतक्या वर आलेल्या शरीराला पहिले दोन दिवस काहीही न करण्याची सक्ती असते. काहीही न करणं ही गोष्ट मराठी सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत बसत नाही. मग वेळ घालवायला ऑक्सिमीटर बाहेर येतात. करोनाने घरोघरी पोचवलेलं हे यंत्र लेहच्या हॉटेलात पुन्हा कामाला लागतं. "तुमचं किती?" "सत्याऐंशी." "आमच्या ह्यांचं ब्याण्णव!" इतक्या आस्थेने एकमेकांचे आकडे दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच विचारले जात असतील. मुंबईत सत्याऐंशी आकडा आला असता तर रुग्णवाहिका दारात आली असती. इथे त्यावर आल्याचा चहा मिळतो.

त्यात काहीजण उंची बाधू नये म्हणून डॉक्टरांना विचारून डायमॉक्सची गोळी घेतात. गोळी गुणाची, पण तिने लघवीला वारंवार जावं लागतं. हा तपशील पुण्यात ऐकताना किरकोळ वाटतो. रुंबकसारख्या गावात, रात्री शून्याखाली वीस अंशांत, तो किरकोळ राहत नाही. लडाखी घरातला पारंपरिक संडास कोरडा असतो: वरच्या मजल्यावर मातीच्या जमिनीला एक चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीराखेचा ढीग आणि एक फावडं. काम झालं की माती लोटायची. खाली जे साठतं त्याचं खत होतं आणि वसंतात ते शेतात जातं. पाण्याचा एक थेंब लागत नाही. पाइपातलं पाणी गोठणाऱ्या मुलखात ह्याहून शहाणी व्यवस्था कुणी काढलेली नाही. पण पाण्याच्या बाबतीत आपल्या माणसाचे संस्कार पक्के असतात. संध्याकाळी थर्मासमधून गरम पाणी घेऊन फावड्याच्या दिशेने निघालेली माणसं दिसली, की घरची बाई समजुतीने हसते. तिच्या घरी माणसं सगळीकडची येऊन गेलेली असतात.

जेवणाचं तसं नसतं. लडाखी थुक्पा आणि स्क्यू मराठी जिभेला पहिल्या घासातच पटतात, कारण स्क्यू म्हणजे कणकेचे तुकडे भाजीच्या रश्श्यात शिजवलेले. वरणफळं खाल्लेल्या माणसाला ओळख करून द्यावी लागत नाही. लोणी-मिठाचा चहा मात्र दोन घोटांवर अडतो. मग बॅगेतून चकल्या, दाण्याचे लाडू आणि मेतकूट निघतं, शेगडीसारख्या बुखारीभोवती ताटल्या फिरतात, आणि घरातली मुलं चकली हातात धरून ती कुठल्या बाजूने सुरू होते ते शोधत बसतात.

रात्री कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावं लागतं, नाहीतर थंडीने त्या सकाळी मेलेल्या असतात. आठ बॅटऱ्या, दोन मोबाइल, एक पॉवर बँक आणि पाण्याची बाटली. त्यातून उरलेल्या जागेत छायाचित्रकार.

सकाळी गाइड सगळ्यांच्या आधी उठून डोंगरावर गेलेला असतो. हा माणूस ह्या सबंध नाटकातला खरा कसबी. ह्या गाइडांतले कित्येकजण मेंढपाळाच्या घरचे. लहानपणी शेळ्यामेंढ्या राखताना ज्या कड्यांवर त्यांची नजर असायची, त्याच कड्यांवर ते आता परदेशी बनावटीच्या स्कोपमधून नजर ठेवतात. ते प्राणी शोधतच नाहीत. आधी भरलांचा कळप शोधतात आणि कळपातल्या सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली असतील तर त्या दिशेला बघतात. मॅगपाय कुठे कलकलाट करतायत, गिधाडं कुठे घिरट्या घालतायत, हे बघतात. आणि मध्येच एखाद्या पुढे झुकलेल्या कातळाशी जाऊन त्याला चक्क नाक लावून हुंगतात. हिमबिबटे अशा कातळांवर मूत्राचे फवारे मारून आपली हद्द सांगतात. वास ताजा असेल तर गाइडचा चेहरा उजळतो. मग तो मोठ्या आदबीने पाहुण्यांनाही बोलावतो. लाखभर रुपये भरून आलेली माणसं एकामागून एक पुढे होतात, टोपी सावरतात, वाकतात आणि दगड हुंगतात. कुणी "हो हो, येतोय वास" म्हणतं. सर्दीने नाक बंद झालेलेही म्हणतात.

विष्ठा सापडली तर विचारूच नका. चारही बाजूंनी फोटो, शेजारी मोजमापासाठी पेन. घरच्या ग्रुपवर तो फोटो पडतो, आणि खाली कुणी मावशी नमस्काराचे हात टाकते.

इथवर गोष्ट पर्यटकाची झाली. पण हिमबिबट्याची खरी गोष्ट स्कोपजवळ घडलेली नाही; ती घडली गोठ्यात.

हेमिस राष्ट्रीय उद्यान 1981 मध्ये झालं. क्षेत्र सुमारे 4,400 चौरस किलोमीटर, आणि आत गावं. रुंबक त्यांतलंच एक. ह्या गावांतले लोक रात्री शेळ्यामेंढ्या दगडी भिंतींच्या गोठ्यात कोंडायचे. भिंत छातीएवढी, वर छप्पर नाही. कडे चढणाऱ्या जनावराला ती भिंत म्हणजे पायरी. हिमबिबट्या रात्री आत उडी मारायचा आणि मग एक भयंकर घोटाळा व्हायचा. उघड्या डोंगरावर तो एक भरल धरतो तोवर बाकीचे पळून जातात आणि मामला तिथे संपतो. गोठ्यात पळायला जागाच नसते. समोर काहीतरी धडपडतंय तोवर शिकाऱ्याची उपजत बुद्धी थांबत नाही. एका रात्रीत डझनावारी जनावरं मेलेली आणि पहाटे तो पाहुणा तिथेच, बाहेर पडायची वाट न सापडलेला. मालकाच्या वर्षभराच्या कमाईचा सडा पडलेला. दार उघडून मालकाने काय केलं असेल हे सांगायला नको. दगड हाताशीच असत.

सरकारी भरपाई होती. पण तिच्यासाठी पंचनामा, अर्ज, लेहच्या खेपा, आणि मग महिनोन्‌महिने वाट. भरपाई हातात येईपर्यंत मेलेल्या शेळीची नातवंडं झाली असती.

रॉडनी जॅक्सन आणि लडाखचे गिर्यारोहक रिंचेन वांगचुक ह्यांनी गावात बसून लोकांशी बोलायला सुरुवात केली. नुसतं 'हा दुर्मीळ प्राणी आहे हो' असं सांगून भागणार नव्हतं. गावाच्या दृष्टीने तो पुरेसा दुर्मीळ नव्हता, हीच तर तक्रार होती. मग उपाय निघाला तो अगदी सुतारकामाचा: गोठ्यावर लाकडी वासे टाकून त्यावर तारेची जाळी, आणि दाराला घट्ट बसणारी चौकट. जाळी आणि लाकूड त्यांच्या संस्थेचं, दगडमाती आणि मेहनत गावाची. ज्या गोठ्यावर जाळी नीट बसली, तिथला रात्रीचा संहार थांबला. वन्यजीव संरक्षणाच्या इतिहासात रेडिओ कॉलर, उपग्रह, डीएनए ह्यांच्याबद्दल भरपूर लिहिलं जातं. जाळीच्या गुंडाळीला मात्र अजून कुणी मुखपृष्ठावर घेतलेलं नाही.

दुसरा उपाय म्हणजे पाहुणे. 2002 च्या सुमारास ह्या गावांतून 'हिमालयन होमस्टे' सुरू झाले. व्यवहार घरच्या बाईच्या हाती. पाहुणे कुठल्या घरी जाणार हे पाहुण्यांनी ठरवायचं नाही. घरं पाळीने लागतात. ह्याच्या घरी कालचा गट उतरला, तर आजचा त्याच्या घरी. अमुक घरातून दृश्य चांगलं दिसतं असं इंटरनेटवर वाचून आलेल्या मुंबईकराला ते पटत नाही, पण पाळी म्हणजे पाळी. त्यामुळे एकच घर श्रीमंत आणि बाकीची त्याच्यावर जळणारी, हा पर्यटनस्थळांचा नेहमीचा प्रकार टळला. मिळालेल्या पैशातला काही वाटा गावाच्या निधीत जातो.

म्हणजे हिशेब असा झाला. हिमबिबट्या दिसला तर उत्तम. नाही दिसला तर पाहुणा आणखी दोन दिवस मुक्काम वाढवतो, आणखी चार वेळा जेवतो. पूर्वी ज्या जनावराच्या नावाने बोटं मोडली जात, ते आता गावासाठी कमावतंय, तेही बहुतांशी गैरहजर राहून. घरातल्या कर्त्या मुलाला असं वागून चाललं नसतं.

हिमबिबट्याचा मान वाढला तसे उपद्रवही आले. लेहच्या आसपास हॉटेलं, छावण्या आणि उकिरडे वाढले तशी मोकाट कुत्री वाढली, आणि टोळीने फिरणारी ही कुत्री मेंढ्यांवर पडतात आणि जंगली जनावरांच्याही मागे लागतात. दुसरी टोळी छायाचित्रकारांची. स्कोपमधून दगडासारखा दिसला, आनंद झाला, हा काकांचा पंथ जुना झाला. नव्या पंथाला डोळ्यातली चमक टिपायची असते. त्यासाठी पाचशे मीटर हे अंतर जास्त वाटतं, मग तीनशे, मग दीडशे. महाराष्ट्राला ह्यात नाक वर करायची सोय नाही. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वर्षअखेर साजरी करायला निघालेल्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची दोन्हीकडून वाट अडवली. त्याचा व्हिडिओ फिरला, चालक-गाइड निलंबित झाले आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. लडाखच्या ह्या कड्यांवर रस्ताच नाही, म्हणून वाट अडवता येत नाही. एवढाच फरक, आणि रस्ते तर आता सगळीकडेच होतायत.

हिमाचलातल्या स्पितीमध्ये, किब्बर गावात, गोष्ट जरा वेगळ्या वाटेने गेली. गाव चार हजार दोनशे मीटरच्या आसपास. इथे वन्यजीव अभ्यासक चारुदत्त मिश्रा आणि नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी गावाशी बोलून सुमारे 500 हेक्टर कुरण गुरांपासून मोकळं ठेवलं, भरलांसाठी. भरल वाढले तर बिबट्याचं पोट तिकडे भरेल, हा साधा विचार. आणि 2002 मध्ये सुरू झाला जनावरांचा विमा. मालकाने जनावरामागे हप्ता भरायचा, त्यात संस्थेने भर घालायची, आणि दावा खरा की खोटा हे ठरवायचं गावानेच निवडलेल्या समितीने.

ह्या समितीची खुबी शहरात बसून कळणार नाही. विमा कंपनीला फसवणं हा आपल्याकडे गुन्हा मानला जात नाही. ते एक कौशल्य समजलं जातं. पण किब्बरच्या समितीत बसलेल्या माणसाला तुमचा याक पाठ असतो. तो म्हातारा होता, मागच्या थंडीपासून लंगडत होता, आणि कड्यावरून पडला तेव्हा समितीतल्याच एकाचा मेहुणा खाली उभा होता, हे सगळं त्याला माहीत असतं. शिवाय पैसा गावाच्याच हंड्यातला. खोटा दावा केला तर उद्या आपल्याच खऱ्या दाव्याला कमी पडणार. अशा ठिकाणी अर्जाला प्रतिज्ञापत्र जोडायची गरज उरत नाही.

किब्बरला आता हिवाळ्यात पाहुण्यांची वर्दळ असते. शेजारच्या चिचम गावाकडे जाणारा 2017 मध्ये खुला झालेला पूल खोल घळीवरून जातो, आणि तिथे तिपाया रोवून माणसं समोरचे कडे न्याहाळत असतात. गावातल्या काही बायका कॅमेरा ट्रॅप लावायला, त्यातले फोटो तपासायला शिकल्या आहेत आणि हिमबिबट्यांच्या मोजणीतही त्यांचा हातभार लागलाय. पूर्वी हिवाळ्यात विणकाम, सूतकताई आणि गप्पा असत. आता विणकाम, सूतकताई, गप्पा आणि वलयांवरून ओळख पटवणं.

अशाच एका घरी पुण्याचा तरुण छायाचित्रकार उतरलेला असतो. पाच दिवस दगड, पाच दिवस बर्फ. सहाव्या दिवशी दुपारी कड्यावर हिमबिबट्या दिसतो, शिकार केलेला, उन्हात, अगदी समोर. तरुण हात थरथरत असताना चारशे फोटो काढतो. संध्याकाळी बुखारीशेजारी बसून, स्पर्धेला कुठला पाठवायचा ह्या विचारात, तो कॅमेऱ्याचा पडदा घरच्या आजीबाईंपुढे धरतो. आजीबाई चष्मा लावतात. फोटो मोठा करायला सांगतात. अजून मोठा. बिबट्याचं तोंड पडद्याबाहेर जातं, डोळ्यांतली चमक पडद्याबाहेर जाते, आणि खाली कोपऱ्यात पडलेलं एक काळं धूड तेवढं उरतं. आजीबाई त्याच्या शिंगांकडे बराच वेळ बघतात.

"ये तो ऊपर वाले घर का है," त्या म्हणतात आणि सुनेला फोन आणायला सांगतात. मग तरुणाकडे वळून विचारतात, "बेटा, फोटो में तारीख आता है ना? कमिटी को देना पडेगा."